मिस्त्रीणबाईंच्या डोळ्यातला पाहुणा

मिस्त्रीणबाईंना "आता बसा हो जरा घरात" असं कुणी म्हटलं, की त्या दिवशी त्याची खैर नसे. म्हणणारा गिऱ्हाईक असो, शेजारी असो, नाहीतर पोटची मुलगी. नाकावर माशी बसू न देणारी माणसं पुष्कळ असतात. बाईंच्या नाकावर माशीला बसायला जागाच नव्हती. निम्मा दिवस तोंडावर वेल्डिंगचा मास्क, उरलेला निम्मा दिवस तोच मास्क कपाळावर ढकललेला, आणि त्याखाली तोंडाचा पट्टा अखंड चालू.

दुकान रस्त्याच्या कडेला, दोन शटरचं. पुढे पाइप आणि अँगल उभे करून ठेवलेले, मध्ये लोखंड कापायचं मशीन, मागच्या भिंतीशी वेल्डिंगचं मशीन आणि त्याच्या काळ्या केबलींची वेटोळी. वर राहायच्या दोन खोल्या. मिस्त्री खरं तर बाईंचा नवरा. त्याच्या हाताखाली त्या शिकल्या. आधी ग्राइंडर, मग दोन ठिकाणी टॅक मारून तुकडे पकडणं, मग लांबलचक सांधे. तो गेला तेव्हा दुकान बंद झालं असं गल्ली धरूनच चालली होती. बाईंनी आठवडा उलटायच्या आत शटर वर केलं. धाकटा दीर मापं घेई, कापी, जाऊन बसवून येई. जोडायचं काम बाईंचं. मिस्त्री हे नाव कुणी न देता त्यांच्याकडे आलं आणि चिकटलं. "बाईमाणूस वेल्डिंग करते?" असं विचारणाऱ्याला त्या म्हणत, "लोखंडाला विचारा, त्याची काही हरकत आहे का."

डावा डोळा काचेचा होता. काम शिकत असतानाच छिन्नीचा कपचा उडाला आणि डोळा गेला. त्याबद्दल बाई रडगाणं गात नसत. उजव्या डोळ्यावर त्यांनी घर चालवलं, मुलगी वाढवली, गल्लीतली निम्मी फाटकं आणि जिने जोडले. मग त्या डोळ्यातही लोखंडाचा एक कण रुतला, जखम चिघळली आणि बुबुळावर पांढरा डाग चढला. खिडकीच्या काचेला चुना फासावा तसं झालं. उजेड आहे की अंधार, एवढंच त्यांना कळू लागलं. त्या दिवसांबद्दल बाई बोलत नाहीत. मुलगी सांगते, आई तेव्हा वरच्या पायरीवर बसून खालच्या मशीनचा आवाज ऐकत असे आणि नुसत्या आवाजावरून ओरडत असे, "तिरकं कापताय, भाऊजी!"

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी बुबुळावरचा तो पांढरा पडलेला पडदा काढून दुसरा बसवला. तो मेलेल्या कुणाचा तरी होता. कुणाचा, ते सांगत नाहीत, आणि बाईंनी विचारलंही नाही. पट्टी निघाली तेव्हा बाई डॉक्टरबाईंकडे टक लावून बघत राहिल्या. खोलीत सगळे श्वास रोखून उभे. बाई म्हणाल्या, "तुमच्या कोटाच्या बाहीची शिवण उसवलीय." डॉक्टरबाई हसल्या, मुलगी रडली, आणि दिरानं बाहेर जाऊन तोंड धुतलं.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. थेंब रोज घालायचे, मी बंद म्हणेपर्यंत. आणि डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसायला लागलं, तर त्याच दिवशी यायचं. उद्या नाही, जेवून नाही, त्याच दिवशी. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनं हे सगळं डोक्यात पक्कं बसवलं आणि रोज सकाळी आईची मान मागे करून थेंब घालायला सुरुवात केली.

वर्षभर हे सुरळीत चाललं. बाई पुन्हा मशीनपाशी उभ्या राहिल्या. पण रोज सकाळी मुलीपुढे लहान मुलासारखी मान वर करायची, हे त्यांच्या स्वभावात बसेना. एक दिवस त्यांनी बाटली हातातून काढून घेतली. "माझा डोळा आहे. मला घालता येतं." मुलीनं वाद घातला नाही; आईशी वाद घालून कामावर वेळेत पोचता येत नाही, हा तिचा अनुभव होता. मग एखाद्या दिवशी थेंब राहून गेले. डोळ्याला काही झालं नाही. मग दोनदा राहिले. तरी काही नाही. बाईंनी आपल्या मनाशी निकाल लावून टाकला, की बऱ्या डोळ्यात औषध ओतणं म्हणजे पक्क्या सांध्यावर पुन्हा वेल्डिंग करणं. बाटली कपाटात गेली आणि तिथेच राहिली.

मनात मात्र त्यांना एक भीती होतीच, ती त्या कुणाला सांगत नसत. नवा पडदा बसवल्यापासून घरात एकच टुमणं चालू होतं. मुलगी म्हणे, आई, आता नुसती देखरेख कर. दीर म्हणे, वहिनी, दुसरा कुणी वेल्डर ठेवू. दोघंही प्रेमानंच म्हणत, पण बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. त्यांना पक्कं ठाऊक होतं की डोळ्याची एक तक्रार तोंडातून निघाली, की ही दोघं त्यांना खुर्चीत बसवतील आणि पुन्हा उठू देणार नाहीत. आणि खुर्चीत बसून आवाज ऐकण्याचे दिवस त्यांनी एकदा भोगले होते.

एका बेकरीवाल्याचा लोखंडी जिना करायला घेतला होता. पायऱ्यांचे सांगाडे जोडायचे होते. एका पायरीचा कोपरा असा अडनिडा होता, की मास्क घालून तिथे डोकं जाईना. अशा वेळी वेल्डर जे करतात तेच बाईंनी केलं. मास्क बाजूला ठेवला, रॉड जागेवर टेकवला, डोळा घट्ट मिटला आणि टॅक मारला. एकदा नाही, चार-पाच वेळा. हे करू नये, हे प्रत्येक वेल्डरला माहीत असतं, आणि प्रत्येक जण ते करतो.

संध्याकाळी डोळा लाल झाला. वाळू गेल्यासारखा खुपू लागला, पाणी गळू लागलं, दिवा लावला की कळ येई. बाईंना जराही शंका आली नाही. डोळ्याला वेल्डिंग लागलं. या धंद्यात ते कुणाला लागलेलं नसतं? त्यावरचा इलाज गल्लीतल्या प्रत्येक दुकानात एकच. बाईंनी बटाट्याच्या गार चकत्या कापल्या, डोळ्यावर ठेवल्या, वरून ओला फडका बांधला आणि आडव्या झाल्या. मुलीला म्हणाल्या, डोकं दुखतंय. एक-दोन दिवसात हे आपोआप उतरतं, एवढ्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं.

इथेच घात झाला. डोळ्याला वेल्डिंग लागलं की ते दोन्ही डोळ्यांना लागतं. दोन्ही लाल होतात, दोन्ही झोंबतात. एकच डोळा लाल झाला असेल तर कुठलाही वेल्डर म्हणेल, हे प्रकरण वेगळं आहे. पण बाईंचा दुसरा डोळा काचेचा. काच कशाला लाल होईल? ताडून बघायला त्यांच्याकडे दुसरा डोळाच नव्हता. आयुष्यभराचं कसब त्यांना खात्रीनं सांगत होतं, आणि खात्रीनं चुकीचं सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी उतार नव्हता. बाईंनी चकत्या बदलल्या आणि ताकास तूर लागू दिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा त्यांना वाफेतून दिसावा तसा दिसला. त्यांनी फडका पुन्हा डोळ्यावर ओढून घेतला. मुलगी फडका शोधायला म्हणून कपाटापाशी गेली आणि तिच्या हाताला थेंबांची बाटली लागली. तिनं ती हलवून पाहिली. जवळजवळ भरलेली. केव्हाच संपून तिच्याच दुकानातून नवी यायला हवी होती. ती वळली, आईच्या डोळ्यावरचा फडका ओढला आणि ओरडली, "काका! वर या!"

तिघं रिक्षा करून तडक दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवली.

"केव्हापासून?"

"परवापासून. वेल्डिंग लागलंय," बाई म्हणाल्या. "उतरेल."

"हे वेल्डिंग नाही. तुमचं शरीर त्या पडद्यावर तुटून पडलंय. दोन दिवस आधी आला असतात तर मी तुम्हाला रागावले नसते. थेंब केव्हा बंद केलेत?"

मुलीनं बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरबाईंनी ती पाहिली आणि नर्सला हाक मारून पहिले थेंब तिथल्या तिथे घातले. दर तासाला घालायचे, झोपेतून उठवूनसुद्धा, असं मुलीला सांगितलं. पडद्याचा सैल झालेला एक टाका त्यांनी चिमट्यानं काढला. टाका निघताच बाईंनी तोंड उघडलं.

"आमचं शरीर, आणि आम्हालाच खातंय? आणि परकंच वाटत होतं तर वर्षभर गप्प कसं बसलं?"

"गप्प बसलं नव्हतं, मिस्त्रीणबाई. त्याला गप्प बसवलं जात होतं. रोज. प्रत्येक क्षणी."

"कुणी?"

डॉक्टरबाईंच्या दारात रोगी ताटकळत होते. तरी त्या खुर्ची ओढून बाईंच्या पुढ्यात बसल्या. कदाचित त्यांना कळलं असावं, की या बाईला हुकूम देऊन उपयोग नाही, कारण द्यावं लागतं.

"शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवत असतात. तोंडानं नाही, रसायनांनी. सायटोकाइन म्हणतात त्यांना. काही निरोप असतात, परका शिरलाय, धावा, तोडा. ते निरोप हवेतच, नाहीतर साध्या जखमेनं माणूस मरेल. पण काही निरोप असतात, थांबा, हात लावू नका. डोळ्याच्या पुढच्या भागात जे पाणी असतं ना, त्यात हे थांबवणारे निरोप सारखे तयार होत असतात. तावातावानं आलेली पेशी त्यात आली की तिचा ताव उतरतो. नुसता उतरत नाही, काही पेशी बाजू बदलतात. त्याच मग इतरांना आवरायला लागतात."

"डोळ्यालाच का एवढी माया?"

"कारण डोळ्यात मारामारी झाली तर शत्रू मरेल, पण काचही फुटेल. मग जिंकून काय उपयोग? म्हणून डोळा शक्यतो मारामारी होऊ देत नाही. दुसऱ्याचा पडदा तुमच्या डोळ्यात टिकला तो त्याच्यामुळे. मी फक्त शिवला."

"मग या वेळी झोपले होते का ते थांबवणारे?"

"टाका सैल झाला, तिथे सूज आली. सुजेबरोबर बारीक रक्तवाहिन्या आत सरकल्या आणि त्या वाटेनं सगळं सैन्य आत शिरलं. 'धावा, धावा'चा एवढा गलका झाला, की 'थांबा' म्हणणाऱ्यांचं कुणी ऐकेना. तुमच्या थेंबांचं काम एवढंच होतं, तो गलका दाबून धरायचा. ते तुम्ही काढून घेतलंत."

"म्हणजे पळाले ते."

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते अजूनही सांगतायत. फक्त एकटे पडलेत. मिस्त्रीणबाई, तुम्ही माझ्याशी भांडा, मुलीशी भांडा, सगळ्या गावाशी भांडा. पण त्यांच्या विरुद्ध जाऊ नका. त्या डोळ्यात तुमच्या बाजूचं आहे कोण, तर तेच."

बाई तडक उठल्या, आणि धूसर दिसत असल्यानं दाराला धडकल्या.

घरी खिडकीवर जाड चादर लावून मुलीनं खोली अंधारी केली. दर तासाला ती येई, मान मागे करी, थेंब घाली. ती कामावर गेली की दीर येई. त्याचा हात जड होता, निम्मे थेंब गालावर पडत, मग पुन्हा घालावे लागत. बाई एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत. घरात सगळ्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

त्या अंधारात बाई डॉक्टरबाईंचं बोलणं उलटसुलट करून बघत होत्या. 'सहन कर' हा शब्द त्यांना लहानपणापासून विषासारखा होता. आई म्हणायची सहन कर, सासू म्हणायची सहन करायला शीक. त्यांच्या लेखी सहन करणं म्हणजे मूग गिळून बसणं, आणि मूग गिळणाऱ्यांना त्या मोजतच नसत. आणि आता कळत होतं, की त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात वर्षभर कुणीतरी एका परक्याला सहन करत होतं, आणि त्यात मूग गिळण्याचा संबंध नव्हता. सगळं शरीर म्हणतंय तोडा, आणि ही मूठभर मंडळी वाटेत उभी राहून म्हणतायत, नाही तोडायचं. हा आमच्यात राहणार. याला नमतं घेणं म्हणायचं? बाईंना तर ती आपल्यापेक्षा हट्टी वाटली. मेलेल्या माणसाच्या एका पातळ पडद्यासाठी आपल्याच सैन्याला आडवं जायचं, म्हणजे काय छाती पाहिजे! आणि आपण काय केलं, तर त्यांची कुमक तोडली, आणि वर बटाटे ठेवले.

मुलगी एकदा थेंब घालायला आली तेव्हा आई अंधारात कुणाला तरी दम भरत होती. "धरून ठेवा. माघार घेतलीत तर माझ्याशी गाठ आहे." मुलगी दारातच थांबली, आणि आवाज थांबल्यावर आत गेली.

अशात एका दुपारी खालून दिराचा आवाज आला. तो फोनवर बेकरीवाल्याशी बोलत होता. फळीच्या तक्तपोशीतून शब्द नि शब्द वर येत होता. "नाही हो, वहिनींनी आता काम सोडलं. हो, कायमचंच. जिन्याचं दुसऱ्या वेल्डरकडून करून देतो."

बाई उठल्या. डोळ्यावर जाळीची वाटी बांधलेली, एक हात भिंतीला, एक पाऊल चाचपून दुसरं टाकत त्या जिना उतरल्या. शेवटच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "मी मेले का, भाऊजी?"

दिराच्या हातातला फोन तसाच राहिला. मुलगी तेवढ्यात कामावरून येत होती, ती मध्ये पडली. "आई, वर चल. उजेड आहे इथे."

"असू दे उजेड. मी कायमचं काम सोडलं, हे मला कोण सांगणार होतं? की गिऱ्हाइकांकडून कळायचं?"

"तुझ्याशी बोलायची सोय आहे का?" मुलीचाही बांध फुटला. "आम्ही तुला बसवू म्हणून तू डोळा लपवलास! बसावं लागू नये म्हणून तू आंधळी व्हायला निघाली होतीस, कळतंय का तुला? तुला मशीनची काळजी, आमची नाही. मी रोज विचारत होते, आई, डोकं कसंय? आणि तू म्हणत होतीस, बरंय!"

हे खरं होतं, आणि ते बाईंना कळत होतं. तरी त्या हटल्या नाहीत. पायरीवरच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "थेंबांची वेळ झाली ना? घाल इथेच. पण भाऊजी, त्या बेकरीवाल्याला फोन करा. जिना मी जोडणार आहे. डॉक्टरबाई नाही म्हणाल्या तर ती गोष्ट वेगळी. त्या म्हणेपर्यंत तुम्ही म्हणायचं नाही."

दिरानं मुलीकडे पाहिलं. मुलीनं बाटलीचं झाकण उघडलं आणि आईची मान मागे केली. फोन त्यानं केला, पण बाई वर गेल्यानंतर.

डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं तेव्हा सूज ओसरली होती. पडदा वाचला होता, पण जसाच्या तसा नाही. त्याच्या आतल्या बाजूच्या काही पेशी त्या दिवसांत मेल्या, त्या परत येत नाहीत, म्हणून थोडं धुकं कायम राहणार. भिंतीवरच्या तक्त्यावर पूर्वी बाई ज्या ओळी घडाघडा वाचत, त्यातल्या खालच्या दोन आता त्यांना नुसत्या मुंग्यांच्या रांगा वाटल्या. तीनदा प्रयत्न करून त्यांनी तो नाद सोडला.

"हे एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच. आणि याला मी नशीब म्हणते."

"पुन्हा होईल?"

"होऊ शकतं. एकाच्या डोळ्यात थांबवणारे कायम वरचढ राहतात, दुसऱ्याच्या डोळ्यात हरतात. सगळं कारण आम्हालाही अजून उमगलेलं नाही. पण तुमच्या शरीराला आता त्या पडद्याची ओळख पटलीय. पुढच्या वेळी ते जास्त लवकर धावेल."

"पटू दे ओळख," बाई म्हणाल्या. "मलाही आता त्याची पटलीय. आणि काम?"

मुलगी आणि दीर दोघंही पुढे सरकले. दोघांना काय ऐकायचं होतं ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"हे वेल्डिंगमुळे झालेलं नाही. थेंब बंद केल्यामुळे आणि घरात लपून बसल्यामुळे झालंय. मास्क घालून काम करायला माझी ना नाही. जमेल का, ते मी सांगू शकत नाही. ते तुमचं तुम्ही बघा. पण मास्क काढून एक जरी टॅक मारलात, तर मला तोंड दाखवू नका."

दुसऱ्या सकाळी बाई मशीनपाशी उभ्या होत्या. बेकरीवाल्याच्या जिन्याची एक पायरी दिरानं टेबलावर मांडून ठेवली होती, दोन अँगल एकमेकांना भिडवून, क्लॅम्पनं आवळून. मुलीनं कामावर उशिरा येते म्हणून कळवलं होतं. ती शटरपाशी हाताची घडी घालून उभी होती.

बाईंनी मास्क खाली घेतला आणि रॉड टेकवला. मास्कच्या काळ्या काचेतून वेल्डरला तसंही वितळलेल्या लोखंडाचा पिवळा ठिपका आणि त्याच्या पुढची सांध्याची रेघ एवढंच दिसतं. ठिपका बाईंना दिसला. चांगला लखलखीत दिसला. रेघ दिसेना. त्यांनी अंदाजानं हात पुढे नेला, सवयीनं, इतक्या वर्षांच्या भरवशावर. शेवटाला येऊन रॉड उचलला आणि मास्क वर केला.

दिरानं सांध्यावर साठलेली काळी खपली ठोकून काढली. सांधा सुरुवातीला रेघेवर होता, मग हळूहळू बाजूला गेला होता आणि शेवटी नुसत्या अँगलवर वळवळत संपला होता. नवशिक्याच्या हातूनही असं होऊ नये. दिरानं आणि मुलीनं एकमेकांकडे पाहिलं.

बाईंनी ते पाहणं पाहिलं, धुकं होतं तरी. त्यांनी ग्राइंडर घेतला आणि आपल्या हातानं तो सांधा घासून साफ केला. ठिणग्या पायाशी पडत राहिल्या. मग कोपऱ्यातून एक सरळ पट्टी आणली, बोटानं चाचपून सांध्याच्या रेघेला समांतर ठेवली आणि दोन क्लॅम्पनं आवळली. पुन्हा बोट फिरवून पाहिलं, एका टोकाला केसभर सरकवली. मनगट पट्टीला टेकवलं. मास्क खाली घेतला.

या वेळी रेघ शोधायच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. मनगट पट्टीवरून सरकत होतं आणि उजवा डोळा फक्त ठिपक्यावर होता. ठिपका रुंद झाला की हात जलद, लांबट झाला की सावकाश. निम्मं काम हाताच्या बोटांनी, निम्मं त्या परक्या पडद्यामागून. मुलीची हाताची घडी कधी सुटली तिला कळलं नाही.

दिरानं खपली ठोकली. खाली एकसारखा सांधा होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघेवर.

"दिसायला बरा आहे," बाई म्हणाल्या. "घाव घाला."

दिरानं मोठा हातोडा घेतला आणि बेताचा घाव घातला.

"असा घाव लोक जिन्यावर घालतात का, भाऊजी? पिठाची पोती घेऊन चढणार आहेत ते. जोरात."

त्यानं जोरात घातला. टेबल हादरलं. सांधा तसाच.

"अजून."

त्यानं अजून एक घातला, आणि मग हातोडा टेबलावर आपटून ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. "वहिनी, एका शब्दानं सांगितलं असतंत. खाली इथे मी मशीन चालवत होतो आणि वर तुमचा डोळा जात होता. एका शब्दानं!"

बाईंनी मास्क काढून बाजूला ठेवला. इतक्या वर्षांत दुकानात दिरासमोर त्या अशा मास्कशिवाय फार क्वचित उभ्या राहिल्या असतील.

"हो," त्या म्हणाल्या. "चुकले मी."

दीर आणि मुलगी बघत राहिले. या घरात, या दुकानात, त्यांच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता. बाईंना तो उच्चारायला कष्ट पडले ते दिसत होतं, पण त्यांनी तो मागे घेतला नाही आणि वर मलमपट्टीही केली नाही. मुलगी पुढे येऊन त्यांच्या काचेच्या डोळ्याच्या बाजूला, जिथून त्यांना काही दिसत नसे तिथे, अगदी चिकटून उभी राहिली.

बाईंनी एका हातानं तिचा खांदा धरला. दुसऱ्या हातानं हातोडा चाचपून उचलला आणि दिराच्या हातात दिला.

"डोळ्याच्या बाबतीत चुकले. कामाच्या नाही. माझ्यावर जेवढा राग आहे तेवढा एकदाच काढा. तुटला सांधा तर उद्यापासून मी खुर्चीत बसेन, शब्द आहे माझा."

दिरानं वहिनीकडे पाहिलं, हातोडा दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत नेला आणि खरोखरच सगळा राग काढून घातला. आवाजानं समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. पायरी क्लॅम्पसकट उडी मारून खाली पडली.

दिरानं वाकून ती उचलली, उजेडाकडे धरली आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. मग ती वहिनीच्या हातात दिली. बाईंनीही अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

"पुढची पायरी आणा," त्या म्हणाल्या.